सतरा नंबरची चकती

आमच्या बाईसाहेबांचं म्हणणं असं, की हा माणूस तीस वर्षं भुकटी कुटत बसला आणि घरात एक पापड आला नाही. म्हणणं खोटं नाही. नांदेडला पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. पोरं मला मामा म्हणायची, सर मला मामा म्हणायचे, शेवटी शेवटी तर सरांच्या सासूबाईही फोनवर मामा म्हणायला लागल्या. रिटायर होऊन वर्ष झालं. आता दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणतात. अनुभव म्हणजे काय, तर खल घ्या आणि फिरवा. पण त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही. ती लिहितो. तुम्हाला कळली तर मला सांगा.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गॅस पेटवायचा लायटर असतो ना, खटका दाबला की ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. आत चिनीमातीसारखा एक लहानसा तुकडा असतो. त्याला फटका बसला की तो वीज देतो. एवढंच. असा तुकडा यंत्राला चिकटवला तर यंत्राची थरथर कळते, पुलाखाली लावला तर ओझं कळतं, मनगटावर बांधला तर नाडी कळते. कळवणारी वस्तू म्हणून त्याला सेन्सर म्हणायचं. पण हा तुकडा ठिसूळ. जरा वाकवला की मोडला. प्लास्टिक वाकतं, पण ते दाबलं तरी काही बोलत नाही. म्हणून दोघांचं लग्न लावायचं. तुकड्याची पांढरी भुकटी करायची, प्लास्टिकच्या भुकटीत मिसळायची, गरम दाबात घालून रुपयाएवढी चकती काढायची. वाकणारी आणि बोलणारी. पुस्तकात त्याला कंपोझिट म्हणतात. लग्न लागतं हो, नांदत नाहीत.

कारण चकती निघते ती मुकीच. आतला एक दाणा इकडं तोंड करून बसलेला, दुसरा तिकडं. मग दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा, गरम तेलात बुडवायची आणि जबर व्होल्टेज लावायचं, म्हणजे शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे सगळे दाणे एका दिशेला तोंड करतात. त्या वेळी चकतीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला असला तरी टप्प असा आवाज येतो. मधोमध सुईएवढं भोक आणि तीन आठवड्यांचं काम केराच्या टोपलीत. तो आवाज माझ्या अंगात इतका मुरलाय की वाढदिवसाला फुगा फुटला तरी मी दचकतो आणि घरचे हसतात.

माझा मान खलाचा. अगेट दगडाचा तो खल माझ्याशिवाय कुणी धुवायचा नाही. हातानं खलायचं, तासन् तास, एकाच गतीनं. मशीन होतं तेवढ्यासाठी, पण ते कायम आजारी. मी खलत असताना कुणी शिंकलं तरी मी त्याला खोलीबाहेर काढत असे. एकदा कुणाच्या उदबत्तीची राख सामानात गेली, तेव्हा सरांनी नोटीस लावायला सांगितली. ती मीच माझ्या अक्षरात लिहिली. “पावडरच्या खोलीत काहीही पेटवू नये.” खाली दोन रेघा मारल्या. हे लक्षात ठेवा.

वैशाली आमच्याकडे पीएचडीला आली ती किल्लारीहून. भूकंप झाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण नव्या गावठाणात वाढलेली, त्यामुळे जमिनीच्या थरथरण्याचा विषय तिच्या घरात रोजच्या भाजीभाकरीसारखा. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, लिहायला फार. प्रत्येक चकतीला वहीत एक पान. किती ग्रॅम, किती तास, त्या दिवशी हवा कशी, लाइट किती वेळा गेली, सगळं. आणि पानाच्या तळाशी दरवेळी एक ओळ, “काही वेगळं घडलं का?” मी चिडवायचो, “पोरी, ही वही हाय का पंचनामा?” ती म्हणायची, “मामा, विसरलं की संपलं.”

दसऱ्यासाठी ती दोन दिवस आधीच गावी गेली. जाताना खलात दोन चकत्यांपुरतीच भुकटी होती, अर्धी खललेली. बाकी सामान संपलं होतं, नवं यायला दिवाळी उलटणार होती. “मामा, एवढी खलून दाबून ठेवता का?” म्हणाली. मी म्हटलं, “जा बाई निवांत.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तीस वर्षं त्या दिवशी मी लॅबची पूजा करत आलोय. दाबाचं मशीन, भट्टी, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. माझं हत्यार खल, त्याला वगळून कसं चालेल? खलातली भुकटी काढून ठेवायला पाहिजे होती, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्यात रिकाम्या भांड्याची पूजा करत नाहीत. माप असो, घागर असो, पूजेला आत काहीतरी पाहिजे. म्हणून मी भुकटी तशीच राहू दिली. नोटीस डोक्याच्या वर, मी नोटिशीच्या खाली, आणि हातात कापूर. पंखा बंद केला होता. खिडकी बंद करायची राहिली.

आरती अर्ध्यावर आली आणि वाऱ्याची झुळूक आली. कापराची काजळी कशी असते माहीत आहे ना, काळे बारीक धागे उडतात. ते धागे त्या पांढऱ्याशुभ्र भुकटीवर जाऊन बसले. आरती तिथंच गुंडाळली, चिमट्यानं धागे उचलायला गेलो तर ते विरघळल्यासारखे आणखी पसरले. काय करावं? फेकावी तर तीन आठवड्यांचं काम आणि सामान शिल्लक नाही. सरांना सांगावं तर नोटीस माझ्याच अक्षरातली. मग मी काय केलं, तर मान खाली घातली आणि खलत बसलो. खलून खलून काळं दिसेनासं झालं. भुकटी जरा राखेकडं झुकली, बस्स. दोन चकत्या दाबल्या. सोळा नंबरची निघतानाच तडकली. सतरा नंबरची नीट निघाली. चांदीचा लेप दिल्यावर रंग कुणाला दिसणार?

वैशाली आली, तिनं ती तेलात घातली. टप्प झालं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

चकती किती बोलते ते मोजायचं मीटर आमच्याकडे नव्हतं. ते लातूरच्या एका कॉलेजात. आम्ही चकत्या कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायचो आणि एसटीनं जायचो. वाटेत लोह्याला चढलेल्या एका म्हातारीनं एकदा डब्यात डोकावून विचारलं होतं, “बटनं हायती का रं?” त्या दिवशीही आम्ही दोघं गेलो. मीटरच्या चिमट्यात सतरा नंबर धरली आणि आकडा वर जायला लागला. जातच राहिला. आमच्या आजवरच्या चांगल्यातल्या चांगल्या चकतीच्या दुपटीच्याही वर. वैशालीनं ती काढली, उलटी धरली, पुन्हा मोजली. तोच आकडा. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “अहो, हे खरंय का?” आणि पोरगी चक्क रडायला लागली. मी तिथल्या तिथं पेढे आणले. मी! ज्याला ठाऊक होतं की आत कचरा आहे, तोच पेढे वाटून राहिला होता.

तेव्हा माझा विचार सरळ होता. काजळी पडली तरी चकती चांगली निघाली, म्हणजे काजळीनं काही बिघडलं नाही. देवीनं लाज राखली. विषय संपला.

विषय कुठला संपतोय? अठरा नंबर, एकोणीस, वीस, सगळ्या जुन्यासारख्याच मठ्ठ. सामान तेच, माणसं तीच, मोजमाप तेच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सतरा नंबरसारखी दुसरी होईना. तिनं निबंध लिहून बाहेर पाठवला तर उत्तर आलं की अशी चकती पुन्हा करून दाखवा, मग छापू. सरांना वाटे, तेल बदललं म्हणून असेल. तेल बदललं. मग पाणी. मग पावसाळा संपून हवा कोरडी झाली म्हणून. मग माझा हात म्हातारा झाला म्हणून, हेही बोलून झालं, आणि मीही मान डोलावली. सतरा नंबर फोडून आत बघावं, असं वैशाली म्हणाली तर सर म्हणाले, “फोडली तर दाखवायला काय राहील?” तेही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि काहीच जुळत नव्हतं.

अशात एक दिवस ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. सतरा नंबरचं पान उघडलं. तळाची ओळ रिकामी होती, कारण त्या दिवशी ती नव्हती.

“मामा, खंडेनवमीला काही वेगळं घडलं का?”

माझ्या रिटायरमेंटला वर्षही उरलं नव्हतं. पेन्शनचे कागद सरांच्या टेबलावर. पण खरं सांगायचं तर पेन्शन हे निमित्त. लोकांना शिंकू न देणारा मी, मी कापूर जाळला हे तोंडातून निघेचना.

“न्हाई,” म्हटलं. “रोजच्यासारखंच.”

तिनं लिहून घेतलं. “मामांना विचारले. नाही म्हणाले.”

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का की काजळीच कारण असेल? देवाशपथ सांगतो, नाही कळलं. कचरा पडून वस्तू सुधारते, हे माझ्या गळी कसं उतरावं? तीस वर्षं मी कचरा काढायचाच पगार घेतला. कधी वाटे, हीच गोष्ट असेल. लगेच वाटे, छे, सांगून उगाच हसं होईल आणि पोरगी भलतीकडं भटकेल. सकाळी ठरवायचो सांगू, दुपारी ठरवायचो नको. असा मी नुसता बेजार.

होळीच्या सुमारास सर तिला स्पष्टच बोलले. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, उन्हाळा संपला की मुदत संपणार. सतरा नंबर सोडली तर बाकीच्यात थिसिस होण्यासारखं काही नाही, आणि विषय बदलायला वेळ नाही. एक चकती घेऊन डिग्री कुणी देत नाही. ती “बरं सर” म्हणाली आणि वह्या आवरायला लागली.

शेवटच्या चार चकत्या घेऊन आम्ही लातूरला गेलो. चारही मठ्ठ. तिथून ती आईला सांगायला किल्लारीला निघाली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मीही तिच्याबरोबर जीपमध्ये बसलो.

तिची आई कमळबाई, पत्र्याच्या शेडसमोर तूर पाखडत होत्या. चहा झाला. वैशालीनं सांगितलं की आता घरीच येते. बाईंनी आमचा डबा ओढून घेतला. डब्यातली सतरा नंबर हातात घेऊन त्यांनी बघितली.

“हे जमीन हलायच्या आधी सांगतंय का?” त्यांनी मला विचारलं.

“न्हाई ताई. हलल्यावर सांगतंय.”

“हलल्यावर काय, आमाला बी कळतंय की.”

वैशाली हसली. पण बाई हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “भाऊ, त्या रात्री आमचं कुत्रं लई भुंकून राहिलं होतं. गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. म्या उठले, त्याला एक दगड मारला, गप बस म्हणाले अन् परत झोपले. सासू गेली, थोरली नणंद गेली. मागून साहेबलोक आले, फॉर्म भरले, लई इचारलं. आधी काही येगळं वाटलं का म्हणून. म्या न्हाई म्हणाले. दगड मारला हे कसं सांगावं? आज पहिल्यांदा बोलून राहिले.”

कुत्र्याला काय कळलं होतं आणि काय नाही, ते देव जाणे. बाईंनी आरडाओरडा केला असता तरी कोण उठलं असतं? पण त्या बाईनं तो एक ‘न्हाई’ आयुष्यभर वागवला होता. मी हातातला कप खाली ठेवला.

“वैशाली,” म्हटलं, “वही काढ.”

“आता काय वही, मामा?”

“काढ म्हणतो ना. मी खोटं बोललो तुला.”

आणि सगळं सांगितलं. खल, कापूर, खिडकी, चिमटा, सगळं. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला जमीन हलेल तर बरं, असं वाटलं.

“पाच महिने, मामा,” ती म्हणाली. “पाच महिने जेवलेलं अन्न माझ्या अंगी लागलं नाही. तुम्ही समोर बसून बघत होता.”

“हाव.”

“माझ्या हाताचा दोष असंल म्हणून मी हात धुऊन धुऊन सोलून घेतले.”

बाई मध्ये पडल्या नाहीत. मग वैशालीनं वही काढली, कोरं पान उघडलं, आणि नाक पुसत विचारलं, “कापूर किती होता?”

मी तिथंच तिच्या पाया पडायचा राहिलो. जाताना फक्त एवढं म्हटलं, “सरांना सांग, पण चारचौघांत माझं नाव नको.” ती म्हणाली, “नाही घेणार.” लहान पोरीकडून मी असं वचन घेतलं, याची लाज मला तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

सरांनी ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं आता कागद फाडणार. ते म्हणाले, “मामा, नोटीस तुमच्याच अक्षरात आहे ना?” मी म्हटलं, “हो.” ते म्हणाले, “अक्षर चांगलंय.” त्याउपर आजतागायत एक शब्द नाही. मग त्यांनीच कोडं उलगडून दाखवलं. चकतीत प्लास्टिक फार आणि प्लास्टिक वीज अडवतं. आपण बाहेरून कितीही व्होल्टेज लावलं तरी दाण्यापर्यंत पोचतच नाही. काजळी वीज नेते. कणभर काजळीनं दाण्यापर्यंत वाट झाली असेल. मला ते शेतातल्या पाण्यावरून कळलं. विहिरीला पाणी कितीही असू द्या, वाफ्यापर्यंत पाट नसेल तर रोप वाळणारच. पण पाट फार रुंद केला तर वाफाच वाहून जातो. तसंच झालं. काजळी जरा जास्त पडली की टप्प. टप्प, टप्प, टप्प. आठवडाभर तेलात नुसती भोकं पडत होती.

प्रश्न होता, त्या दिवशी किती पडली होती? मग आमच्या लॅबमध्ये जे झालं ते कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. ऐन उन्हाळ्यात, मंगळवारी सकाळी, मी धुतलेला शर्ट घालून खलासमोर आरती ओवाळून राहिलो, वैशाली तराजूवर कापूर तोलतेय आणि सर हातात घड्याळ घेऊन उभे.

“मामा, त्या दिवशी आरती पूर्ण म्हटली होती का?”

“अर्धी, सर. अन् जरा जल्दी जल्दी.”

“मग आजही अर्धीच. आणि जल्दी.”

“सर, नुसतं ओवाळून न्हाई का चालणार? जल्दी म्हणायला जीभ वळंना.”

“नाही. श्वासाचा वारा लागतो तिथं.”

हसता हसता माझ्या हातातलं निरांजन हिंदकळलं आणि तो डाव पुन्हा मांडावा लागला. नोटीस मात्र भिंतीवर तशीच. सरांनी तिच्यावर एक कॅलेंडर टांगलं होतं.

एके दिवशी एक चकती सतरा नंबरसारखी बोलली. मग आणखी एक. मग तीन गेल्या. पण आता पोरीला धागा सापडला होता. तिनं आरती बंद केली, काजळी वेगळी धरून तोलून घालायला लागली, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी लातूरच्या मीटरवर ओळीनं पाच चकत्या बोलल्या. मुदत संपायच्या आत थिसिस गेला. गंमत अशी, की बाजारातली शुद्ध काजळी आणून घातली तर तेवढी जमत नाही. कापराचीच लागते. का, ते सर दोन प्रकारे सांगतात, वैशाली तिसऱ्या प्रकारे सांगते आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात देवीचा कौल. मी तिघांनाही हो म्हणतो.

मी रिटायर झालो. त्यानंतर तिची तोंडी परीक्षा लागली. विभागाच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मी नवा शर्ट घालून मागच्या रांगेत, शेजारी कमळबाई, किल्लारीहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या. बाहेरून आलेले परीक्षक बारीक माणूस, आवाज मऊ. असे मऊ आवाजाचेच अवघड असतात. थिसिसमध्ये लिहिलं होतं, “अपघाताने काजळी मिसळली गेली.” पूजेबिजेचं लिहू नको, बाहेर हसतील, असं सरांनी सांगितलं होतं. परीक्षकांनी मूळ वही मागितली आणि सतरा नंबरचं पान काढलं.

“इथं तर तुम्हीच लिहिलंय, काही वेगळं घडलं का, मामांना विचारले, नाही म्हणाले. मग काजळी कुठून आली? पाच महिन्यांनी दुसऱ्या पानावर अचानक येते. मी असं का समजू नये, की काजळीनं काम होतं हे तुम्हाला नंतर कुठं वाचायला मिळालं आणि मग ही पहिली चकती तुम्ही त्या गोष्टीत बसवली?”

सर टेबलाकडे बघत होते. वैशालीनं तोंड उघडलं, मिटलं. पाच वर्षांचं काम पणाला लागलं होतं आणि जिभेवर मला दिलेलं वचन. ती मागं वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही तिनं. एकदाही नाही.

कमळबाई कोपरानं ढोसतील असंही वाटलं. त्याही समोरच बघत होत्या.

मी उभा राहिलो. खुर्ची मागं पडली, मोठा आवाज झाला.

“साहेब, ते मामा मी हाय.”

“बरं?”

“काजळी माझ्याकडून पडली. खंडेनवमीला मी खलाची पूजा केली. आत भुकटी होती. तिथं काही पेटवायचं न्हाई अशी नोटीस होती, ती बी मीच लिहिलेली. तिनं इचारलं तवा मी खोटं बोललो. त्या पानावरचा ‘नाही’ तिचा न्हाई साहेब, माझा हाय.”

खलाची पूजा म्हटल्यावर पुढच्या रांगांत खसखस पिकली. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, कापूर किती, पंखा चालू होता की बंद, खिडकी कुठल्या बाजूला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. शेवटी पेन ठेवून म्हणाले, “तेव्हा नाही का म्हणालात?”

“भ्यालो साहेब.”

“आणि आज?”

आजही भ्यालोच होतो. मग उभा का राहिलो, हे मला तिथंही सांगता आलं नाही आणि आता लिहितानाही सांगता येत नाही. मी म्हटलं, “ते मला नीट कळंना, साहेब.”

त्यांनी वही मिटली आणि वैशालीला म्हणाले, “हे पान थिसिसला जोडा. जसंच्या तसं. काही खोडू नका.” मग तिला पुढचे प्रश्न विचारायला लागले. अर्ध्या तासानं तिला डॉक्टर म्हणून जाहीर केलं.

बाहेर व्हरांड्यात पेढे वाटणं चाललं होतं. वैशाली माझ्यापाशी आली, तिच्या हातात तीच वही. सतरा नंबरचं पान उघडून तिनं ‘नाही म्हणाले’च्या खाली बोट ठेवलं आणि पेन पुढं केलं. “तुमच्या अक्षरात लिहा,” म्हणाली. मी लिहिलं, “घडले होते.” खाली सही केली. तीस वर्षं लॅबमध्ये घालवली, पण वहीत सही करायची ती पहिलीच वेळ.

कमळबाई शेजारी उभं राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “पोरी, त्या चकतीचा गुण काय म्हणाली व्हतीस तू?”

“दाबलं की बोलते, आई.”

“मग हे भाऊ बी त्यातलेच,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. “खावा. लई दिवस दाबून धरलं व्हतं तुमी.”

मला हसावं की काय करावं ते कळेना. मी पेढा तोंडात टाकला.